वाईनला ९१ मार्क दिलेत, पण ते कसे दिले तेही छापा की

मा. संपादक,
स. न. वि. वि.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत वाईनचा जो तक्ता आला होता त्याबद्दल लिहितोय. पत्र लांबणार आहे हे आधीच सांगून टाकतो, कापायचं झालं तर मधलं कापा, शेवटची मागणी तेवढी ठेवा. तर तो तक्ता. स्पार्कलिंग आणि रेड सगळ्या वाईन्स एकाच रांगेत, वरून खाली, शंभरपैकी मार्क आणि प्रत्येकीपुढे दीड ओळ. एक स्पार्कलिंग ९१ वर, तिच्या खाली एक रेड ९० वर. आता वाचणाऱ्यानं यातून काय समजायचं, ती रेड एका मार्कानं कमी? कशात कमी? एक थंडगार, फेसाळ, सगळा डोलारा आंबटपणावर उभा असलेली, दुसरी टॅनिनवर, म्हणजे तोंड आवळणाऱ्या तुरटपणावर उभी, अजून दहा वर्षं बाटलीत पडून राहिली तरी बिघडणार नाही अशी, आणि या दोघींमध्ये बरोबर एका मार्काचा फरक काढणारी फूटपट्टी कुठे मिळते ते मलाही कळवा.

तुमच्या टेस्टरच्या जिभेबद्दल माझी काही तक्रार नाही. त्या दीड ओळी वाचूनच कळतं की माणूस जाणकार आहे. एका रेडबद्दल त्यांनी लिहिलंय की वास मोकळा व्हायला वेळ लागतो पण तोंडात टॅनिन बारीक आणि पिकलेलं आहे, हे असं गूगल करून लिहिता येत नाही. माझं भांडण आहे ते त्या आकड्याशी, आणि तो आकडा कुठून आला ते न सांगता छापण्याशी.

हा शंभराचा हिशोब काही फार जुना नाही. त्याच्या आधी २० मार्कांची पद्धत चालायची, कॅलिफोर्नियात डेव्हिसच्या विद्यापीठात मेनार्ड अमेरिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५९ च्या सुमारास बसवलेली, आणि तिचा रोख मुळात दोष पकडण्यावर होता, गढूळ आहे का, व्हिनेगरकडे झुकलीय का वगैरे, म्हणजे पिणाऱ्यांपेक्षा बनवणाऱ्यांच्या कामाची गोष्ट. मग १९७८ मध्ये रॉबर्ट पार्कर नावाच्या अमेरिकन वकिलानं स्वतःचं पत्रक काढलं, फ्रान्समधल्या बोर्दो भागाच्या १९८२ च्या रेड्सना त्यानं पहिल्यापासून उचलून धरलं, ते खरं ठरलं, आणि त्याच्यामागून शंभराचा आकडा जगभर गेला. पण त्या शंभराच्या आत काय आहे ते जरा उघडून बघा. ५० मार्क नुसते हजर राहिल्याबद्दल. मग ५ रंगरूपाचे, १५ वासाचे, २० चवीचे आणि ती चव मागे किती रेंगाळते त्याचे, आणि उरलेले १० एकूण दर्जा आणि पुढे सुधारण्याची शक्यता याचे. म्हणजे परीक्षा मुळात पन्नासचीच. त्यातही ८५ च्या खालचं सहसा छापायला येत नाही, तुमच्या तक्त्यात तळाची वाईन ८६ वर आणि वरची ९४ वर होती, म्हणजे सगळा खेळ नऊ पायऱ्यांचा, पण वाचणाऱ्याला वाटतं की ८६ म्हणजे डिस्टिंक्शन. आणि या बांधणीत बुडबुड्यांना वेगळा रकानाच नाही हो, पाच मार्कांच्या रंगरूपात ते कसेबसे मावतात.

आता स्पार्कलिंगचंच आधी घेऊ कारण तिथे मला जास्त बोलायचंय.

शॅम्पेनच्या पद्धतीनं बनलेली वाईन कशी तयार होते बघा. आधी साधी, बुडबुडे नसलेली, बऱ्यापैकी आंबट वाईन करतात. ती बाटलीत भरताना लिटरमागे साधारण २४ ग्रॅम साखर आणि यीस्ट घालून बाटली बंद, आत दुसरं फर्मेंटेशन होतं, त्यातून निघालेल्या कार्बन डायऑक्साइडला बाहेर जायला वाट नाही त्यामुळे तो वाईनमध्येच मुरतो आणि दाब जवळजवळ सहा ॲटमॉस्फिअरपर्यंत चढतो. मग मेलेल्या यीस्टच्या गाळावर बाटली आडवी पडून राहते, शॅम्पेनच्या नियमाप्रमाणे लेबलवर साल नसेल तर बाटलीत कमीत कमी १५ महिने आणि त्यातले १२ गाळावर, साल असेल तर ३ वर्षं. तो गाळ आतल्या आत विरघळत जातो आणि भाजलेल्या ब्रेडचा, बिस्किटांचा जो वास येतो तो बराचसा तिथून येतो. नंतर बाटल्या हळूहळू फिरवत उलट्या करून गाळ तोंडाशी आणायचा, मान गोठवायची, झाकण काढलं की गाळाचा गोळा दाबानं उडून बाहेर. याला डिसगॉर्जमेंट म्हणतात. जाता जाता साखर मिसळलेली थोडी वाईन वरून घालायची आणि कॉर्क ठोकायचा. ही साखर किती राहते त्यावर नाव ठरतं, लिटरला १२ ग्रॅमच्या आत ब्रूट, ६ पर्यंत एक्स्ट्रा ब्रूट, ३ च्या आत आणि वरून साखर अजिबात न घातलेली असेल तर ब्रूट नेचर.

हे सगळं लिहायचं कारण असं की डिसगॉर्ज केल्या दिवसापासून त्या वाईनचं आयुष्य बदलतं. गाळ तिला ऑक्सिजनपासून सांभाळत असतो, तो गेला की ती वेगळ्या वाटेनं म्हातारी व्हायला लागते. एकाच नावाच्या, एकाच लेबलच्या दोन बाटल्या, एक चार महिन्यांपूर्वी डिसगॉर्ज केलेली आणि दुसरी तीन वर्षांपूर्वी, शेजारी शेजारी ओतल्या तर पहिली टोकदार आणि लिंबाळ लागेल, दुसरी गोलसर, मधाकडे, सुक्या मेव्याकडे झुकलेली. त्यात साल नसलेली वाईन म्हणजे वेगवेगळ्या वर्षांच्या वाईन्सचं मिश्रण, आणि दर खेपेला पायाचं वर्ष बदलतं. मग तुम्ही जे ९१ दिले ते यातल्या कुठल्या बाटलीला? बऱ्याच प्रोड्यूसरकडे ही तारीख मागच्या लेबलवर असते, कुठे कुठे कोडमध्ये असते, तुमच्या तक्त्यात मात्र कुठेच नव्हती.

आणि बुडबुडे! तुमच्या पहिल्या नंबरच्या स्पार्कलिंगपुढे लिहिलंय "बारीक, अखंड वर चढणारी माळ". वाचायला छान वाटतं, पण या माळेचा बराचसा मान ग्लासला जातो हे कुणी सांगतच नाही. फ्रान्समधल्या रॅंसच्या विद्यापीठात जेरार लिजे-बेलेर म्हणून भौतिकशास्त्रज्ञ आहेत, त्यांनी शॅम्पेनच्या बुडबुड्यांवरच सगळं आयुष्य घातलंय म्हणा ना, त्यांच्या हाय-स्पीड कॅमेऱ्यानं दाखवून दिलं की बुडबुडा वाईनमध्ये आपोआप जन्म घेत नाही, ग्लासच्या आत चिकटलेल्या सेल्युलोजच्या सूक्ष्म तंतूंमध्ये हवा अडकलेली असते, तिथे गॅस जमत जातो आणि एकामागून एक बुडबुडे सुटतात. हे तंतू येतात कुठून तर हवेतल्या धुळीतून आणि ग्लास पुसायच्या कापडातून. घरी करून बघता येईल, एकाच बाटलीतून दोन ग्लास भरा, एक सुती फडक्यानं पुसलेला आणि एक गरम पाण्यानं धुऊन उलटा ठेवून नुसता निथळलेला, पहिल्यात पाच-सहा धारा सुरू होतील आणि दुसऱ्यात एखादी, तीही कडेला कुठेतरी. ग्लासला साबणाचा पातळ थर राहिला असेल तर फेस वर येतो न येतो तोच बसतो. म्हणजे माळेला मार्क देताय की फडक्याला?

वाईनचा स्वतःचा गुण बघायचा तर डोळे मिटा आणि एक घोट तोंडात धरून ठेवा. फेस टोचतो का, खसखशीत आहे, का मऊ होत जिभेवर पसरतो, आणि तो विरल्यावर खाली वाईन उरते की नुसतं आंबट पाणी उरतं. हे शेवटचं माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं, आणि ग्लास तसाच अर्धा तास टेबलावर ठेवून गॅस बराचसा गेल्यावर पुन्हा चाखलं की ते लख्ख कळतं. टेस्टिंगच्या गडबडीत एवढी वाट बघायला सहसा कुणाला वेळ नसतो ही गोष्ट वेगळी.

ओतण्यानंही फरक पडतो. ग्लास तिरका धरून कडेनं हळू ओतलं तर जास्त गॅस वाईनमध्ये टिकतो, सरळ मध्ये ओतलं तर बराच तिथेच उडतो, हेही मोजलेलं आहे. उंच अरुंद ग्लासमध्ये नाक घातलं की कार्बन डायऑक्साइडचा झणका आधी बसतो आणि वास मागे राहतो, म्हणून हल्ली जाणते लोक ट्यूलिपच्या आकाराचा, पोट थोडं रुंद असलेला ग्लास घेतात. तापमान ८ ते १० अंश. त्याहून गार केली की वास मिटतो आणि आंबटपणा नुसता बोचत राहतो. (बर्फाच्या बादलीतून सरळ काढून चाखलेल्या वाईनला "थोडी बंद वाटते" असं लिहिणारे टेस्टर मी वाचलेत, बादलीनंच बंद केलीय ती.)

रेडकडे आलो तर तिथे वेगळंच दुखणं आहे. रेडमधलं टॅनिन द्राक्षाच्या सालीतून, बियांतून आणि ओकच्या पिंपातून येतं, आणि तोंडात गेलं की लाळेतल्या प्रोटीन्सना धरून बसतं, म्हणून हिरड्या आणि गाल आतून ओढल्यासारखे होतात. ही ओढ थुंकून टाकल्यावर लगेच जात नाही, घोटागणिक साठत जाते. म्हणजे सातवी वाईन चाखताना तोंडात सहावीचं टॅनिन बसलेलंच असतं. एका ब्लाइंड, म्हणजे लेबलं झाकून केलेल्या टेस्टिंगला मी ओतणाऱ्यांच्या बाजूला होतो तेव्हा आम्ही मुद्दाम एकच रेड दुसऱ्या ग्लासमध्ये आणि पुन्हा सातव्या ग्लासमध्ये घातली, सहाव्यात एक कोवळी, चांगलीच कडक, तोंड आवळणारी वाईन होती. कागद गोळा केले तर दुसऱ्या ग्लासपुढे "कोरडी, जरा हट्टी, शेवट तुरट" आणि सातव्यापुढे त्याच लोकांच्या अक्षरात "मखमली", "गोडसर फळ", एकानं तर "आतापर्यंतची सगळ्यात सुसंवादी" असं लिहून खाली रेघ मारलेली. टेबलावरची सगळीच माणसं अनुभवी होती, नाकं चांगली होती, पण कडक वाईनच्या मागून आली की तीच वाईन मऊ वाटते, शेजार बदलला की वाईन बदलते त्याला जीभ तरी काय करणार. म्हणून कुठल्या क्रमानं चाखलं हे कळल्याशिवाय रेडच्या मार्कांवरून एकमेकींची तुलना करण्यात अर्थ नाही.

तापमानाचं इथे उलटं होतं. "रेड रूम टेंपरेचरला" हे वाक्य इतकं घासून गुळगुळीत झालंय की खोली तापलेली असली तरी लोक तसंच ओततात, मग अल्कोहोल नाकात भसकन येतं आणि फळाचा वास सैल पडतो. १६ ते १८ अंश ठीक, हलक्या रेडला त्याहूनही थोडं कमी चालतं.

मग कॉर्क. टीसीए नावाचं एक रसायन आहे, लिटरमागे काही नॅनोग्रॅम असलं तरी ओल्या पुठ्ठ्याचा, तळघराचा वास मारतं. जास्त असलं तर कुणालाही कळतं आणि बाटली बाजूला जाते. खरा घोटाळा कमी असताना होतो, वास असा येत नाही पण वाईन मुकी होते, फळ गेलेलं, शेवट आखूड, आणि टेस्टर बिचारा प्रामाणिकपणे ८६ देऊन मोकळा होतो. तुमच्या तळाच्या रेडपुढे लिहिलंय "सपाट, काही सांगत नाही". दुसरी बाटली उघडून बघितली होती का? बघितली असेल तर तसं छापा, नसेल तर त्या वाईनवर अन्याय झाला असण्याची शक्यता आहे एवढंच म्हणतो. उलट बाजूनं ब्रेटॅनोमायसिस या यीस्टचा वास, तबेल्याचा, बँडेजपट्टीचा, काहींना थोडासा असला तर आवडतो आणि काहींना तो सरळ सरळ दोष वाटतो, टेस्टर कुठल्या गटातला हे माहीत असेल तरच त्याचे मार्क मला उपयोगी.

नाकानाकातही फरक असतो, आणि तो सरावानं मिटणारा नसतो. सिरा नावाच्या द्राक्षाच्या वाईन्सना काळ्या मिरीचा जो वास येतो तो रोटंडोन नावाच्या एका संयुगाचा, हे ऑस्ट्रेलियाच्या संशोधकांनी २००८ मध्ये शोधलं आणि त्याच कामात दिसलं की पाचातल्या साधारण एकाला तो वास अजिबात येत नाही, प्रमाण कितीतरी वाढवलं तरी नाही. मिरीसाठी प्रसिद्ध असलेली सिरा अशा नाकासमोर ठेवली तर ते तिला काय मार्क देणार, आणि मिरी नाही म्हणून वजा करणार की मिरी नावाची गोष्टच त्याच्या जगात नाही?

ब्लाइंड होतं की नव्हतं हेही तुम्ही लिहिलेलं नाही, आणि हे तर सगळ्यात आधी लिहायला हवं. २४ मे १९७६ ला पॅरिसमध्ये स्टीव्हन स्पर्रियर या ब्रिटिश वाईन व्यापाऱ्यानं लेबलं झाकून फ्रेंच आणि कॅलिफोर्नियाच्या वाईन्स समोरासमोर ठेवल्या, मार्क देणारे ९ जण सगळे फ्रेंच आणि सगळे मुरलेले, आणि रेडमध्ये पहिली आली कॅलिफोर्नियाच्या स्टॅग्ज लीप वाईन सेलर्सची १९७३ ची कॅबरने (हे द्राक्षाचं नाव), बोर्दोच्या मुतॉं रोथशिल्डच्या १९७० च्या थोडी वर. लेबलं उघडी असती तर असा निकाल लागला असता असं कुणी छातीठोकपणे म्हणेल का? बोर्दोत झालेल्या आणि २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात वाईनशास्त्राच्या ५४ विद्यार्थ्यांना एकच व्हाइट वाईन दिली, एकदा आहे तशी आणि एकदा वास नसलेला लाल रंग घालून, आणि लाल दिसल्याबरोबर त्यांनी रेडच्या वर्णनातले शब्द वापरले. २००८ मध्ये कॅलिफोर्नियात एकच कॅबरने १० डॉलरची आणि ९० डॉलरची म्हणून पाजली तर ९० वाली लोकांना जास्त आवडली, आणि मेंदूचं स्कॅन चालू होतं त्यात सुख नोंदवणारा भागही जास्त पेटलेला दिसला, म्हणजे लोक खोटं बोलत नव्हते, त्यांना खरंच जास्त मजा आली.

आणि मार्कांच्या मुळावर येणारं काम म्हणजे रॉबर्ट हॉजसन यांचं. हे गृहस्थ आधी समुद्रशास्त्राचे प्राध्यापक, नंतर स्वतःची वायनरी, आणि आपल्याच वाईनला एका स्पर्धेत गोल्ड आणि दुसरीकडे काहीच नाही असं का होतं हा प्रश्न त्यांना पडला. कॅलिफोर्निया स्टेट फेअरच्या वाईन स्पर्धेतल्या परीक्षकांपुढे त्यांनी इतर वाईन्समध्ये मिसळून एकाच बाटलीतली वाईन तीन वेळा ठेवली. २००८ मध्ये छापलेला निष्कर्ष असा की जेमतेम १० टक्के परीक्षकांनी तिन्ही वेळा एकाच मेडलच्या पट्ट्यातले मार्क दिले. चार-चार मार्क इकडेतिकडे होणं नेहमीचं. आता तुमच्या नऊ पायऱ्यांच्या तक्त्यात चार मार्क खालीवर केले तर पहिला नंबर मधे येतो आणि मधला पहिला.

यावर काही लोक लगेच टाळ्या पिटतात की बघा, सगळं थोतांड आहे, सगळ्या वाईन्स सारख्याच. मला हे अजिबात पटत नाही. मास्टर ऑफ वाईनच्या परीक्षेत ३६ वाईन्स लेबलाशिवाय समोर येतात, द्राक्ष कुठलं, प्रदेश कुठला, कशी बनवली, दर्जा काय, ते कारणांसकट लिहावं लागतं आणि लोक ती पास होतात, अंदाजपंचे तेवढं जमत नाही. हॉजसन यांच्याच परीक्षकांचंही न आवडलेल्या वाईन्सवर स्वतःशी जास्त जुळत होतं, आवडलेल्यांवर कमी. म्हणजे वाईट वाईन ओळखायची नजर पक्की आहे, चांगलीच्या वर अजून चांगली किती हे सांगताना हात कापतो. त्या कापऱ्या हातानं ९० आणि ९१ मधली रेघ मारायची आणि ती छापायची, यावर माझा आक्षेप आहे.

म्हणून मागणी. दोन तक्ते करा, स्पार्कलिंगचा वेगळा आणि रेडचा वेगळा. रेडमध्येही नाजूक पिनो न्वार आणि धिप्पाड कॅबरने एकाच दमात चाखल्या असतील तर तसं सांगा. आकड्याऐवजी चार-पाच पट्टे पुरेत, सदोष, ठीक, चांगली, खूप चांगली, अप्रतिम, आणि त्यापुढे चार गोष्टी, तोल आहे का, चव किती वेळ टिकते, वास किती ठळक आणि किती पदरी आहे. चव टिकण्यासाठी तर फ्रेंचांकडे कोदाली नावाचं मापच आहे, एक सेकंद म्हणजे एक कोदाली, घोट गेल्यावर मनात मोजायचं, निदान काहीतरी मोजल्यासारखं तरी होईल. कोवळ्या रेडबद्दल "पुढे सुधारेल" असं वाटत असेल तर ते वेगळ्या वाक्यात लिहा, आज तोंडात काय आहे त्याच्या मार्कांत भविष्य मिसळू नका. आणि संपादकांना आकडा हवाच असेल, तक्ता आकड्यांशिवाय ओका दिसतो हे मलाही कळतं, तर ९१ च्या जागी "८८ ते ९३" छापा, ते जास्त खरं आहे.

खाली एक ओळ बारीक टाइपात, तिला फार जागा लागत नाही. लेबलं झाकली होती का, किती वाईन्स एका बैठकीत आणि कुठल्या क्रमानं, ग्लास कुठला, तापमान किती, शंकेची बाटली दुसरी उघडली का, वाईन विकत आणली होती की कंपनीनं पाठवली होती. स्पार्कलिंग असेल तर डिसगॉर्जमेंटची तारीख.

तूर्तास गेल्या रविवारच्या त्या ९१ वाल्या स्पार्कलिंगची तारीख तेवढी पुढच्या अंकात द्या, बाटली टाकून दिली नसेल तर मागच्या लेबलवर खाली बारीक अक्षरात असायची शक्यता आहे, जरा भिंग घेऊन बघायला सांगा त्यांना.

कळावे,
आपला एक नेहमीचा वाचक